वळण क्रमांक पाच

या घाटाचं डांबर माझ्या हातचं आहे.
बावीस हिवाळ्यांचे खड्डे मी बुजवलेत,
दरड कोसळली की फावडं घेऊन आधी मी
आणि मग सरकार.
म्हणून ऑगस्टातल्या एका शुक्रवारी
नऊ ते बारा मोटारी बंद ठेवून
रस्ता सायकलींच्या हवाली करतात, तेव्हा
पाचव्या वळणाशी, जिथे वाडीची वाट येऊन मिळते,
अडसरापाशी खुर्ची टाकून बसायचा मान
आन्सेल्मचा, म्हणजे माझा.

खाली आर्क नदी राखाडी वाहते.
ॲल्युमिनियमच्या कारखान्याचा भोंगा होतो
आणि मोरिएनचं अख्खं खोरं चढायला लागतं.

आधी येतात ते, ज्यांच्या पिंढऱ्यांवर केस नाहीत.
बोलत नाहीत. साखळीचा आवाज, घामाचा वास, गेले.
माझ्याकडे बघत नाहीत,
खड्डा मात्र न बघता चुकवतात.

मग बाकीचं जग.

क्लोतिल्द, वय चौऱ्याहत्तर, बॅटरीच्या सायकलवर,
टोपलीत चीजचं अख्खं चाक.
"बॅटरी माझ्यासाठी नाही," म्हणते, "चीजसाठी आहे."
हातांनी पेडल फिरवणारा बास्तियाँ,
रस्त्यापासून वीतभर उंच, जवळजवळ आडवा.
माझं डांबर इतक्या जवळून कुणी वाचलेलं नाही.
"सहाच्या आधी भेग पडलीय," जाता जाता सांगतो.
मी वहीत लिहून घेतो.
जोडसायकलवर बायको पुढे, ऑरेलियँ मागे.
त्याला दिसत नाही. ती दमली की वर्णन आखडतं.
"डावीकडे काय?"
"डोंगर."
"उजवीकडे?"
"डोंगरच! अजून काय असणार?"
"कापलेलं लाकूड आहे," तो म्हणतो, "लार्चचं.
आणि कुणीतरी कॉफी करतंय."
कॉफी माझी होती.

इथे वळणं उलटी मोजतात.
पायथ्याशी एकवीस, माथ्याशी एक.
पाचव्यावर पाटी आहे, तिच्यावर ठळक पाच,
आणि पाटीखाली डांबरावर, चुन्याने, तिरकं तिरकं:
आई, फक्त दोन राहिली.

हे एलोआचं काम. नऊ वर्षांचा आहे.
त्याची आई गिस्लेन पावाची गाडी चालवते,
सायकल शिकली शेहेचाळिसाव्या वर्षी.
गेल्या साली तिने इथेच पाय टेकला,
रडली नाही, हेल्मेट काढून नीट पुसत बसली,
आणि तसंच खाली गेली.

रस्त्यावरचं लिखाण पुसणं माझ्या कामात येतं.
सकाळीच बादली आणली होती.
"पाच आहेत रे," मी म्हटलं.
"पाच म्हटलं तर ती येणार नाही."
"पाटी दिसेल ना तिला."
तो नुसता माझ्याकडे बघत राहिला.
बरोबर होतं त्याचं.
दुरून डोंगर साजरे; जवळून तो नऊ टक्के असतो,
आणि नऊ टक्क्यांवर मान खाली असते.
खाली मान घातलेल्याला पाटी दिसत नाही,
डांबर दिसतं.
बादलीतलं पाणी मी जिरेनियमला घातलं.

ती आली बारा वाजायला सात कमी असताना,
सगळ्यांच्या शेवटी, तोंड टोमॅटोसारखं.
वाचलं. काही बोलली नाही. गेली.
चारवर वरून एक शिवी ऐकू आली.
तीनवर तीच, पण जरा मोठी.
मग काहीच नाही.
तीन वळणं चढून गेल्यावर
ते चुन्यातलं खोटं खरं झालं असणार.

तेवढ्यात वाडीकडून एक कॅराव्हॅन आली,
हॉर्न वाजला, खिडकी उतरली:
रस्ता बाराला उघडतो ना?
"अजून वेळ आहे," मी म्हटलं,
आणि नेमकी चर्चची घंटा सुरू झाली.
तो बोटांवर ठोके मोजू लागला.
मीही मोजत होतो,
पण उलटे.